धक्क्यानं हलायचं नसतं

एब्बे क्रागेलुंदचा उजवा पाय स्वस्थ बसलेला डेन्मार्कमधल्या स्वेनबोर्ग गावात कुणी पाहिलेला नव्हता. बाकीचा एब्बे बसायचा. पाय बसत नसे. जेवताना टेबलाखाली तो शिलाई मशीन चालवल्यासारखा हलत राही. भाचीच्या लग्नात चर्चमधल्या बाकावर त्यानं सबंध रांग थरथरत ठेवली होती. दाताच्या डॉक्टरकडे त्याचा पाय धरायला एक वेगळी बाई उभी करावी लागते, असं त्याची बायको डॉर्ते सांगायची. डॉर्तेच्या सांगण्यातला निम्मा भाग सोडून द्यायचा असतो, पण उरलेला निम्माही पुरेसा होता.

याला कारण होतं. एकोणीस वर्षं एब्बे फेरीबोटीवर गाड्या लावायच्या कामावर होता. पिवळं जाकीट घालून तो डेकवर उभा राही आणि दोन हातांच्या खुणांनी ट्रक, मोटारी, घोडे नेणाऱ्या गाड्या अशा काही बसवी, की दोन गाड्यांमधून मांजरानंसुद्धा श्वास रोखून जावं. तेवढी सगळी वर्षं पायाखालचं लोखंड इंजिनाबरोबर थरथरत होतं. मग नवी बोट आली, तिच्यावर माणसांच्या जागी कॅमेरे नि दिवे आले आणि पंचेचाळिसाव्या वर्षी एब्बे जमिनीवर आला. जमीन फारच स्थिर निघाली. ती काही थरथरत नाही म्हटल्यावर ते काम त्याच्या पायानं अंगावर घेतलं.

नोकरी शोधून देणाऱ्या कचेरीतल्या बाईनं त्याला विचारलं, "बोटीवरचं तुला सगळ्यात काय आवडायचं?"

एब्बेनं बराच विचार केला. "मागच्या सीटवरची पोरं," तो म्हणाला. "गाडी चालवणारा माझ्याकडे बघायचा तो मी खांब असल्यासारखा. पण मागची पोरं हात हलवायची. रोज. एकोणीस वर्षं."

बाईनं खण उघडून बालवाडीच्या शिक्षकांच्या अभ्यासक्रमाचा अर्ज काढला आणि एब्बेपुढे ठेवला. तिला बहुधा जेवायला जायची घाई असावी. पण माणसाच्या आयुष्याची वळणं अशाच भुकेल्या बायकांच्या हातात असतात.

कॉलेजात त्याच्या वर्गातली सगळी मुलं बावीस-तेवीसची. व्याख्यान चालू असताना निम्मा वर्ग लोकर विणत बसे. त्याचं तिथं कुणाला काही वाटत नाही, उलट न विणणाराच आगाऊ वाटतो. एब्बेच्या शेजारी बसणाऱ्या लीवा नावाच्या मुलीनं पहिल्याच महिन्यात त्याच्या हातात सुया दिल्या.

"हाताला काम दिलं की पाय थांबेल," ती म्हणाली.

नाताळपर्यंत एब्बेनं चार मफलर विणले. पाचवा वर्गाच्या दारापर्यंत पोचला तेव्हा लीवानं सुया परत घेतल्या. पाय चालूच होता.

तसा अभ्यासात तो कच्चा नव्हता. बालमानसशास्त्र त्याला समजलं, कायदा समजला, मुलांच्या आजारपणावर तर तो वर्गात पहिला आला. अडला तो एकाच विषयात, आणि तो विषय होता खेळ. विषय शिकवणारा पॅले हा मोठ्या दाढीचा, संथ बोलणारा माणूस होता. दोन वाक्यांच्या मध्ये तो एवढा थांबे, की तेवढ्यात एब्बेनं बोटीवर सहा गाड्या बसवल्या असत्या.

"खेळ हा मुलांचा असतो," पॅले म्हणाला. मग खिडकीबाहेर पाहिलं. "मोठ्यांना त्यात काम एकच. बोलावलं तर जायचं." परत खिडकी. "नाही बोलावलं, तर बसायचं."

शेवटचा शब्द ऐकून एब्बेनं आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं.

परीक्षा ऐकायला सोपी होती. बालवाडीत उमेदवारी करायची, एखाद्या खेळात मुलांनी आपणहून तुम्हाला घ्यायला हवं आणि तो खेळ कसा झाला ते लिहून परीक्षकांसमोर सांगायचं. संधी तीन. पहिल्या वेळी एब्बेनं चौदा मुलं उंचीप्रमाणे रांगेत लावली आणि चार मिनिटांत त्यांना गाड्यांसारखं अंगणात बसवून दाखवलं. त्यावर दहा पानं लिहिली, सोबत नकाशा जोडला.

पॅलेनं नकाशा बराच वेळ पाहिला. "एब्बे," तो म्हणाला, "हे वाहतूक नियोजन आहे. छान आहे. पण खेळ नाही."

दुसऱ्या वेळी वाळूच्या खड्ड्यात मुलं धरण बांधत होती. त्यांनी एब्बेला बोलावलं, हे खरं. पण धरण गळत होतं. एब्बेनं गळती बुजवली. मग भिंत जाड केली. मग पाणी जायला बाजूनं वाट काढली. मान वर करून पाहिलं तेव्हा मुलं केव्हाच जेवायला गेली होती. त्याचा अहवाल वाचून पॅले म्हणाला, "या खेळात मला एकच मूल दिसतंय, आणि ते सेहेचाळीस वर्षांचं आहे."

दोन्ही वेळा शून्य मिळालं. डेन्मार्कात शून्य देताना दोन शून्यं लिहितात. एकानं माणसाला पुरतं समजत नाही असा अनुभव असावा. आता तिसरी संधी, आणि ती गेली की कॉलेज संपलं. पुढं काय, हे एब्बेनं मनात आणलं की दोन्ही पाय हलू लागायचे.

तिसरी उमेदवारी मिळाली बंदराजवळच्या 'समुद्रघोडा' नावाच्या बालवाडीत. मुदत सहा आठवडे. त्याच्यावर लक्ष ठेवायला होती सोल्वाय, बारा वर्षं त्याच अंगणात काढलेली शिक्षिका. आवाज न चढवता चाळीस मुलांना गमबूट घालायला लावणारी बाई होती ती. पहिल्या दिवशी तिनं एब्बेला सगळं फिरून दाखवलं: तान्ही मुलं बाहेर थंडीत बाबागाड्यांमध्ये झोपतात ती जागा, शेकोटीची जागा, साबणाचं कपाट. मग अंगणाच्या फाटकापाशी थांबून ती म्हणाली, "आणि इथला सगळ्यात मोठा नियम. मुलांचा खेळ अर्धा राहिला असेल, उद्या पुढं खेळायचा असेल, तर ती त्याला कपड्यांचा लाल चिमटा लावतात. लाल चिमट्याला कुणीही हात लावायचा नाही. मी नाही, साफसफाईची बाई नाही, महापौर आला तरी नाही. कळलं?"

"हूं," एब्बे म्हणाला.

तो फाटकाची बिजागरी ऐकत होता. ती कुरकुरत होती. खिशातला स्क्रू-ड्रायव्हर आपोआप हातात आला होता.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेचारला अंगण रिकामं झालं. पालक आले, मुलांना सायकलींना जोडलेल्या खोक्यांत भरून घेऊन गेले. सोल्वाय आत फोनवर होती. एब्बेला काहीच काम नव्हतं, आणि अंगणाच्या मधोमध पसारा पडला होता. दुधाचे क्रेट, लाकडी फळ्या, दोरखंड, बाबागाडीचं सुटं चाक, भोकं पडलेली एक चाळणी काठीला अडकवलेली, आणि या सगळ्यावर कुठं कुठं कपड्यांचे चिमटे.

वीस मिनिटांत एब्बेनं सगळं लावलं. क्रेट एकावर एक. फळ्या लांबीप्रमाणे. दोरखंडाची बोटीवर करतात तशी गोल चुंबळ. चाळणी धुऊन स्वयंपाकघरात. उरले सात चिमटे. ते त्यानं चिमट्यांच्या डब्यात ठेवले, आणि डब्यात सगळे रंग सरमिसळ झालेले दिसले म्हणून तेही वेगळे केले. लाल लालांत, निळे निळ्यांत. त्या रात्री त्याला फार छान झोप लागली.

सकाळी अंगणात पाऊल टाकलं तर कुणीही आवाज करत नव्हतं. चाळीस मुलांच्या बालवाडीत शांतता म्हणजे काहीतरी फुटलेलं असतं. मधोमध विग्गा उभी होती. साडेपाच वर्षांची, समोरचे दोन दात पडलेली, हात कमरेवर.

"आमचं जहाज कुठंय?"

"जहाज?" एब्बे म्हणाला. मग क्रेटच्या भिंतीकडे पाहून त्याला वाटलं, ही शाबासकीच मागतेय. "इथं. सगळं आवरून ठेवलंय बघ."

"त्याला चिमटे होते."

"हो, तेही डब्यात आहेत. रंगाप्रमाणे."

मागं दारात उभ्या सोल्वायनं डोळे मिटून घेतले.

ते जहाज तीन आठवडे बांधलं जात होतं. चाळणी हे त्याचं रडार होतं. विग्गाचा चार वर्षांचा जोडीदार बर्टिल चुंबळीपाशी जाऊन उभा राहिला. त्याच्या हिरव्या गमबुटांवर बेडकाचे डोळे होते. तो रडला नाही. रडला असता तर एब्बेला काहीतरी करता आलं असतं.

"तू आमच्यात नाहीस," विग्गानं निकाल दिला.

एब्बेनं माफी मागितली. जहाज परत बांधून देतो म्हणाला, मुलं नको म्हणाली. दुसरं, मोठं बांधून देतो म्हणाला, खऱ्या बोटीवरचा भोंगा आणतो म्हणाला. विग्गानं त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की तसं फक्त फेरी चुकलेले लोक बघतात.

त्या आठवड्यात एक नवाच प्रकार सुरू झाला. एब्बे अंगणात आला की मुलं किंचाळत पळायची. चौकशी करता कळलं, की एब्बे म्हणजे आग, आणि शिवला तो मेला. एब्बे धावत सोल्वायकडे गेला.

"सोल्वाय, ती मला आग म्हणतायत! हे खेळात घेतलं असं धरता येईल का?"

"नाही."

"पण मी आहे ना त्यात. मधोमध आहे."

"एब्बे, आगीला कुणी बोलावत नाही." तिनं एक उपडी बादली आणून कुंपणाजवळ वाळूत ठेवली. "ही तुझी जागा. रोज वीस मिनिटं. फोन नाही, वही नाही, तो स्क्रू-ड्रायव्हर इकडे दे."

"आणि करू काय?"

"बस."

"बसून?"

"बसून बस."

"त्यांच्या गाठी चुकतायत. काल दोरी सुटून एकजण—"

"तुझ्या बायकोला फोन करून विचारणार आहे मी, घरी तुझं काय करते म्हणून."

"ती मला बाहेर पाठवते," एब्बे म्हणाला.

पहिल्या दिवशी तो चार मिनिटं बसला. दुसऱ्या दिवशी सहा, मधे एकदा कुंपणाचा खिळा हातानं दाबला. घरी डॉर्ते घड्याळ लावून त्याचा सराव घ्यायची. आणि सातव्या मिनिटाला तो उठून भांडी घासू लागला तर घासून होईपर्यंत काही बोलायची नाही. दुसरा आठवडा संपला, तिसरा गेला. मुलांनी जहाज परत बांधायला घेतलं, पण अंगणाच्या पलीकडच्या टोकाला, एब्बेपासून जितकं लांब जाता येईल तितकं. आग आता त्यांना कंटाळवाणी झाली होती. एब्बे आता काहीच नव्हता. तो बादलीवर बसे, आणि त्याचे हात मांड्यांखाली दाबलेले असत. मोकळे ठेवले तर ते मुलांना उजवीकडे घ्या, डावीकडे घ्या अशा खुणा करू लागत.

कॉलेजात सोमवारी संध्याकाळी सगळ्यांनी आपापल्या उमेदवारीचं सांगायचं असे. लीवाला तिच्या मुलांनी राणी केलं होतं, दुसऱ्या एकाला घोडा, तिसऱ्या एकीला सलग चार दिवस आजी.

"तुला?" लीवानं विचारलं.

"मला बादली मिळालीय."

"दम काढ रे, अजून दोन आठवडे आहेत."

"नऊ दिवस," एब्बे म्हणाला. "शनिवार-रविवार सोडून."

हात दाबून ठेवले तरी पाय मात्र कुणी दाबला नव्हता. बादलीवर बसला की उजव्या पायाची टाच वाळूत हलत राही, आणि रोज वीस मिनिटं याप्रमाणे टाचेनं बादलीसमोर एक चांगला खोल खड्डा पाडला होता. एब्बेला त्याचा पत्ताही नव्हता. एप्रिलात तिथं पाऊस पडतो तो वरून कमी आणि बाजूनं जास्त. दोन दिवस तसा पडला. खड्ड्यात पाणी साठलं. पाचव्या आठवड्याच्या शुक्रवारी बर्टिल बेडकाच्या बुटांनी चालत आला, एब्बेकडे न बघता खड्ड्यापाशी उकिडवा बसला आणि त्यानं एक काडी पाण्यात उभी सोडली. काडी बुडाली.

"विग्गा!" तो ओरडला. "इथं खोल आहे!"

विग्गा आली. तिनं हात घालून पाहिला. बाही कोपरापर्यंत भिजली. एब्बेनं श्वास रोखला होता.

"हे बंदर आहे," विग्गा म्हणाली. "जहाज इथं आणायचं."

शेवटच्या आठवड्याचे पहिले तीन दिवस जहाज आणण्यात गेले. एकेक क्रेट दोघं-दोघं ओढत आणायची, वाटेत थांबायची, भांडायची, एक क्रेट तर फाटकापर्यंत जाऊन परत आला. एब्बे ते दोन हातांत धरून एका फेरीत आणू शकला असता. बादलीवर बसून तो घामानं भिजला. बुधवारी सोल्वाय कॉफीचा कप घेऊन बाजूनं गेली आणि हळूच म्हणाली, "श्वास घे."

गुरुवारी जहाज बंदराला लागलं. ताटाएवढं पाणी आणि त्याच्याशेजारी बारा क्रेटचं जहाज, पण त्याची चिंता फक्त मोठ्या माणसांना. विग्गानं सगळीकडे पाहिलं, आणि तिचं तोंड कडवट झालं.

"धक्का नाही," ती म्हणाली. "धक्का नसला तर बांधायचं कशाला?"

सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. फळ्या सगळ्या जहाजात गेल्या होत्या. मग विग्गाची नजर बादलीवर आली. पाच आठवडे ती एब्बेच्या आरपार बघत होती. आता तिनं त्याला लांबीनं पाहिलं, डोक्यापासून बुटापर्यंत, सुतार ओंडका बघतो तसं.

"तू धक्का हो."

एब्बे बादलीवरून अर्धा उठला. "म्हणजे काय करू?"

"आडवा पड. पालथा. धक्क्यानं हलायचं नसतं. बोलायचं पण नसतं."

एब्बे पालथा पडला. वाळू ओली होती. गालाला गार लागली. त्याला आता फक्त बूट दिसत होते: विग्गाचे पिवळे, आणखी कुणाचे निळे, लाल, आणि बर्टिलचे बेडूक. जहाज बांधायचं म्हणून दोरखंड आला आणि तो त्याच्या उजव्या घोट्याला गुंडाळला गेला. गाठ चुकीची होती. ओढली की सुटणारी. एकोणीस वर्षांत असली गाठ त्यानं कुणाला मारू दिली नव्हती. त्यानं जीभ दातांत धरली.

"गाड्या चढवा!" विग्गा म्हणाली.

गाड्या म्हणजे बाकीची मुलं. ती त्याच्या पाठीवरून चढत जहाजात शिरू लागली. आधी छोट्या गाड्या, मग बस, मग ट्रक, म्हणजे सगळं नेमकं उलटं. एब्बेच्या बरगड्यांवरून एक बस गेली. जहाज भरलं, आणि धक्क्यावर, त्याच्या कमरेच्या जरा वर, दोन बूट उरले. बेडूक.

"भरलं," विग्गा म्हणाली. "बर्टिल, तू पुढच्या फेरीला."

"मला याच फेरीला जायचंय."

"जागाच नाही."

जागा होती. एब्बेला क्रेटच्या फटीतून स्वच्छ दिसत होतं: मधला एक क्रेट आडवा केला असता तर बर्टिलसारखे दोन बसले असते. आख्ख्या नोकरीत बसू शकणारी गाडी त्यानं कधी धक्क्यावर सोडली नव्हती. दोन बोटांची खूण पुरली असती. आणि दोन बोटांची खूण केली की तिसरी संधी गेली, हे त्याला कळत होतं. तरी बोटं वळवळली. ती त्यानं वाळूत खुपसली, हात थांबले, जीभ थांबली, आणि अंगातलं सगळं उरलेलं चुळबुळणं वाट शोधत खाली गेलं आणि उजव्या पायात उतरलं.

पाय सुरू झाला. घोट्याचा दोर ताणला, दोरानं क्रेट धरले आणि आख्खं जहाज खडखड थरथरू लागलं.

एब्बेनं डोळे मिटले. संपलं, त्याला वाटलं. धक्का हलला.

"इंजिन सुरू झालं!" आतून कुणीतरी ओरडलं.

विग्गानं विचार केला. "हो," ती म्हणाली. "पण फक्त पाय. बाकीचा धक्काच आहे. निघालो!"

आणि बर्टिल मागंच. आता तर एब्बेच्याच पायानं जहाज निघालं होतं. त्यानं पायाला मनातल्या मनात विनवलं, शिव्या दिल्या. जितकं विनवावं तितका पाय जोरात. बेडकाचे बूट त्याच्या पाठीवरून खाली उतरले, नाकासमोरून गेले आणि दिसेनासे झाले. गेला पोरगा, एब्बेला वाटलं, आत जाऊन कोपऱ्यात बसणार.

तेवढ्यात दोन लहान, ओल्या हातांनी त्याचा पाय गच्च धरला. पोटाशी, दोन्ही हातांनी, मांजर धरावं तसा.

जहाज थांबलं.

"इंजिन बंद पडलं," बर्टिलचा आवाज आला. "मेकॅनिक पाहिजे."

"मेकॅनिक कुठंय?" विग्गानं विचारलं.

"मीच आहे. पण मी बाहेर राहिलो."

आत खूप कुजबुज झाली. क्रेट सरकल्याचा आवाज आला. मधला. आडवा. मग विग्गा म्हणाली, "ये. पण सोडताना जोरात सोड."

बर्टिलनं पाय सोडला आणि पळत जाऊन आत शिरला. पाय सुरू झाला. जहाज निघालं.

ते स्वीडनला गेलं, मग आजोळी, मग देवमाशांच्या गावी. सव्वाअकराला जेवणाची घंटा झाली. विग्गा खाली उतरली, लाल चिमटा आणला आणि एब्बेच्या जर्सीच्या खांद्याला लावला. सगळे पळाले.

दहा मिनिटांनी सोल्वाय बाहेर आली. "एब्बे, जेवायला चल." उत्तर नाही. तिनं जवळ येऊन चिमटा पाहिला. मग आत जाऊन राईच्या काळ्या पावाचा कलेजीची पेस्ट लावलेला तुकडा घेऊन आली आणि ओणवी होऊन त्याच्या तोंडाशी धरला.

"विग्गा!" तिनं दाराकडे तोंड करून विचारलं. "धक्का खातो का?"

"खातो," आतून आवाज आला. "पण हळू."

जेवण झाल्यावर आत मणी ओवायचं काढलं होतं. बाहेर बाजूनं येणारा पाऊस सुरू झाला. दीड वाजता सोल्वायला राहवेना. "त्याला सर्दी होईल," ती विग्गाला म्हणाली. विग्गानं मण्यातून डोकं वर न काढता परवानगी दिली: "उठू दे. पण चिमटा काढायचा नाही."

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, विग्गाला ताप आला. उमेदवारी संपली आणि चिमटा तसाच राहिला.

परीक्षा पुढच्या आठवड्यात गुरुवारी. मधल्या दिवसांत डॉर्तेला ती जर्सी धुवायची होती. "निदान काढून परत लावते," ती म्हणाली. "कुणाला कळणारे?"

"मला," एब्बे म्हणाला. जर्सी तशीच, वाळूसकट.

या वेळचा त्याचा अहवाल साडेतीन पानांचा होता. वही नव्हती, काही लिहून घेता आलं नव्हतं, आणि दिसले होते ते फक्त बूट. त्यानं तेच लिहिलं: कोणते बूट कुठून आले, कुठं थांबले, कुठला आवाज कुठून आला. पॅलेच्या शेजारी ओडेन्सहून आलेली परीक्षक बसली होती, पांढऱ्या केसांची, चष्मा साखळीला.

"या खेळात तू काय केलंस?" तिनं विचारलं.

"काही नाही." टेबल थरथरू लागलं. पॅलेनं आपला पाण्याचा पेला उचलून हातात घेतला.

"आणि मुलं काय शिकली?"

एब्बेनं याचं उत्तर लीवाबरोबर तीन वेळा पाठ केलं होतं. त्यातलं एक अक्षर आठवेना. "मला ठाऊक नाही," तो म्हणाला. "माझं तोंड वाळूत होतं. पण बर्टिलला जागा मिळाली. मला ती दिसत होती, पण ती मी दिली नाही. त्यांनी केली." मग थोडं थांबून, "मला फार त्रास झाला."

परीक्षक बाईनं चष्मा काढला. "आणि खांद्यावर ते काय आहे?"

"चिमटा."

"परीक्षेपुरता काढला असतास तरी चाललं असतं."

"नाही काढता येत," एब्बे म्हणाला. "खेळ चालू आहे."

पॅले खिडकीबाहेर पाहू लागला. मग त्यानं एब्बेला बाहेर थांबायला सांगितलं.

बाहेरच्या बोळात लीवा विणत बसली होती. एब्बे येरझारा घालत होता. त्याच्या हिशेबानं आत चाललेल्या चर्चेत बोटीच्या दोन फेऱ्या मारून झाल्या असत्या. दार उघडलं, त्याला आत बोलावलं आणि पॅले म्हणाला, "सात." पास व्हायला दोन पुरे होते. दोन शून्यांनंतर ऐकलेला हा आकडा एब्बेला आधी ओळखूच आला नाही. बाहेर डॉर्ते केक घेऊन उभी होती, त्यावर कागदाचे लाल-पांढरे झेंडे टोचलेले. दाताच्या डॉक्टरची गोष्ट ती लीवाला सांगत होती, आणि आता पाय धरायला दोन बाया लागत होत्या.

सोमवारी सकाळी एब्बे 'समुद्रघोडा'त गेला. फाटक कुरकुरलं नाही. अंगणात त्याचा खड्डा कोरडा पडला होता. क्रेट वेगळ्याच तऱ्हेनं मांडलेले, त्यांच्यावर पांघरुणं. विग्गा चाळणी कानाला लावून कुणाची तरी छाती तपासत होती.

"मी आलोय," एब्बे म्हणाला आणि खांदा पुढं केला. "चिमटा तसाच आहे. काढला नाही."

विग्गानं चिमट्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "जहाज? ते तर केव्हाच बुडालं. मंगळवारी." तिनं चिमटा काढून खिशात टाकला. सहा दिवस एब्बे बुडालेल्या जहाजाचा धक्का होऊन फिरत होता.

"अस्सं," तो म्हणाला. आता निघावं, असं म्हणून वळला.

"कुठं चाललास?" विग्गा म्हणाली. "हा दवाखाना आहे. बर्टिल, पेशंट आला. झोप इथं."

एब्बे झोपला, या वेळी उताणा. आभाळ दिसत होतं. बर्टिलनं त्याच्या छातीवर चाळणी ठेवली, ऐकलं, आणि मान हलवली.

"गेला," तो म्हणाला.

"पाय हलवू नको," विग्गा एब्बेच्या कानाशी ओणवून दरडावली. "मेलायस तू."

एब्बेनं पूर्ण जोर लावला. बर्टिल पायाकडे बघत होता, दोन्ही हात पुढं करून, तयारीत.